कादंबरीतील मुले मोठी कशी होतात?



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झाली. दिवसभराच्या उन्हाने शिणलेल्या श्रोत्यांस वक्त्याने आणखी ताप देऊ नये, हा या प्रथेचा अलिखित नियमच म्हणावयास हवा, आणि नागपूरच्या वैशाखात तर तो अधिकच कडक पाळला पाहिजे. म्हणून कादंबरीच्या व्याख्या, उपव्याख्या आणि वर्गवाऱ्या यांचे गाठोडे आम्ही घरीच ठेवून आलो आहोत. सोबत आणला आहे तो एक साधा प्रश्न. कादंबरीतील मुले मोठी कशी होतात?

प्रश्न साधा असला तरी दिवस त्याला साजेसे आहेत. हे परीक्षांचे आणि निकालांचे दिवस. भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ, गडचिरोली इकडून शिकायला आलेली मुलेमुली बर्डीवर आपण रोज पाहतो. १८८५ साली येथे मॉरिस कॉलेज निघाले, तेव्हापासून हा ओघ चालू आहे. पूर्वी वळकटी आणि पत्र्याची पेटी असे, आता पाठीवर पिशवी असते आणि डोक्यावरून मेट्रो जाते, एवढाच काय तो फरक. या मुलांच्या घरी आज एकच माप चालू आहे. गुण किती, क्रमांक कितवा, नोकरी केव्हा? हे माप अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण पोटाचा प्रश्न कोणासही चुकलेला नाही. परंतु कादंबरीकार ज्या मापाने माणसाची वाढ मोजतो ते माप निराळे आहे, आणि ते आपल्या घरांतही वापरून पाहण्याजोगे आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

या जातीच्या कादंबरीला जर्मन लोकांनी स्वतंत्र नाव दिले. आपण तिला ‘घडणीची कादंबरी’ म्हणू. कार्ल मोर्गनश्टेर्न नावाच्या प्राध्यापकाने १८१९ साली एका व्याख्यानातच तिची मांडणी केली, हे व्याख्यानप्रेमी मंडळींस ऐकून बरे वाटेल. तिचा आद्य नमुना म्हणून गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ दाखवितात. ती १७९५-९६ सालची. व्यापाऱ्याचा मुलगा विल्हेल्म घरचा धंदा सोडून नाटकमंडळींत शिरतो, भरकटतो, ठेचा खातो. आणि अखेरीस त्यास कळते की एक गुप्त मंडळ त्याच्या चुकांवर पहिल्यापासून नजर ठेवून होते. हे मंडळ त्याला उमेदवारी संपल्याचा दाखला देते. आपल्याकडच्या मुलांवर नजर ठेवणारे मंडळ काही गुप्त नसते. ते ओसरीवरच बसलेले असते! पण ते दाखला मात्र कधी देत नाही.

यापेक्षा आम्हांस जवळची वाटते ती डिकन्सची १८६०-६१ सालची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. पिप नावाचा पोरका मुलगा आपल्या बहिणीच्या घरी, लोहारकाम करणाऱ्या मेहुण्याच्या मायेत वाढतो. पुढे कोणा अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनला जाऊन ‘साहेब’ होतो. साहेब झाल्यावर त्याला त्या लोहाराची लाज वाटू लागते. दाता कोणी श्रीमंत बाई असावी असे तो मनाशी धरून चालतो. निघतो तो एक कैदी, ज्याला त्याने लहानपणी भीतीपोटी चार घास आणून दिले होते. पिप मोठा होतो तो लंडनला गेल्याने नव्हे. आपल्या कपड्यांचे, आपल्या शिक्षणाचे, आपल्या ऐटीचे पैसे कोणी दिले हे ज्या क्षणी त्यास कळते, त्या क्षणापासून तो मोठा होऊ लागतो.

आमचे म्हणणे येथेच आहे. मोठे होणे म्हणजे आपल्या वाढीची किंमत कोणी चुकती केली, हे उमजणे. ही किंमत पैशांतच असते असे नाही. ती झोपेत असते, अब्रूत असते, कधी दुसऱ्याच्या राहून गेलेल्या शिक्षणात असते. हे सूत्र हाती धरून मराठी कादंबरीकडे पाहिले, तर एरवी परस्परांपासून फार दूर असलेली पुस्तके एका ओळीत येऊन उभी राहतात.

पहिले पुस्तक अर्थातच हरिभाऊ आपट्यांचे. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा हरिभाऊंनी नुकती पंचविशी ओलांडली होती. ती चालू असतानाच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींच्या बाबतीत दहाची मर्यादा बारा वर्षांवर आली. या दोन वर्षांच्या वाढीवरून महाराष्ट्रात केवढे रण माजले हे आपणांस ठाऊक आहे. त्या गदारोळात हरिभाऊंनी वाद घातला नाही, त्यांनी यमूला बोलू दिले. यमू स्वतःची हकीकत लहानपणापासून सांगते. तिच्या दादाच्या शिक्षणाची काळजी आणि तिच्या लग्नाची काळजी एकाच घरात वाहिली जाते, पण दोहोंचा अर्थ किती वेगळा! मुलाला मोठे व्हावयास वर्षे मिळतात. मुलीला रातोरात मोठे केले जाते.

आता आमचे सूत्र यमूला लावून पाहा. ते उलटे फिरते. तिची किंमत कोणी दिली असे विचारण्याची सोयच नाही, कारण किंमत देणारी तीच आहे. मुंबईस नवऱ्याच्या सहवासात तिला थोडे वाचावयास, विचार करावयास मिळते. हाच काय तो तिच्या वाढीचा काळ. नवरा जातो, आणि घराण्याच्या अब्रूची किंमत म्हणून तिचे केशवपन होते. तरीही आम्ही तिला प्रौढ म्हणतो. तिची दृष्टी स्वतःच्या दुःखापाशी थांबत नाही. मैत्रीण दुर्गी हिच्या संसाराची परवड आणि आईची मुकाट सोशीकता ती आपल्या हकीकतीत नोंदवून ठेवते. स्वतः पोळत असताना शेजारणीचे पोळणे दिसणे, याहून मोठे वयात येणे कोणते?

दुसरे पुस्तक आपल्या घरोघर आहे, आणि म्हणूनच ते नीट वाचले जात नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती प्रसिद्ध झाली, आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने ती न वाचणाऱ्यांच्याही डोळ्यांतून पाणी काढले. लोक तिला आईच्या थोरवीचे पुस्तक म्हणतात. ते खरेच आहे. पण त्या बेचाळीस रात्रींत बोलतो कोण? मोठा झालेला श्याम. लहान श्याम तर हट्टी आहे, भित्रा आहे, कित्येकदा खोटाही वागतो. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो अडून बसतो, तेव्हा आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचा पदर पसरते आणि त्यावर पाय ठेवावयास सांगते. पायांस घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनासही जप, एवढेच तिचे मागणे. त्या वेळी मुलाला दिसतात ते आपले स्वच्छ पाय. पुढे तुरुंगातल्या रात्री त्यास जे दिसते, ते आपल्या पायांखाली आलेले ते लुगडे. या दोन दिसण्यांमधले जे अंतर, तेच श्यामचे मोठे होणे.

आणखी एक प्रसंग आठवावा. मोळी उचलू न शकणाऱ्या महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढविण्यास आई श्यामला पाठविते, आणि घरी येऊन आंघोळ कर म्हणते. आजच्या वाचकास त्या आंघोळीचा सल खुपतो, आणि तो खुपलाच पाहिजे. परंतु आपल्या ताटातले लाकूडफाट्यावर शिजते आणि तो लाकूडफाटा कोणाच्या तरी डोक्यावरून येतो, हे त्या मुलास प्रथम कळले ते तेथेच. घराच्या उंबऱ्याबाहेरही आपली किंमत देणारी माणसे आहेत, याची ती पहिली जाणीव.

किंमत देणाऱ्याच्या बाजूने हाच हिशेब मांडला तर कसा दिसेल? याचे उत्तर विदर्भाने दिले आहे. अमरावती जिल्ह्यातले उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. शिंप्याच्या घरची कौतिक, कर्तृत्वशून्य आणि पुढे महारोगाने ग्रासलेला नवरा महादेव, पोटची पोरे, आणि पोराने शिकावे म्हणून तिने केलेले जिवाचे रान. वऱ्हाडी बोली एवढ्या ताकदीने प्रथम बोलली ती या पुस्तकात. श्यामच्या आईच्या वाट्याला निदान बेचाळीस रात्री तिची कथा सांगणारा मुलगा तरी आला. कौतिकचे ऋण मान्य करावयास कोणी उरत नाही, आणि ते काम वाचकावर येऊन पडते. ‘धग’ वाचून संपविल्यावर आपल्याला जो जडपणा येतो तो दारिद्र्याच्या वर्णनाचा नव्हे. तो न फेडलेल्या देण्याचा आहे.

आता एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो आहे. श्रोत्यांतील तरुण मंडळी मनात म्हणत असतील, हे तर आमच्या वडिलांचेच भाषण झाले! ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ ही कथा आम्ही रोज जेवणाबरोबर ऐकतो. तीच ऐकावयाला बर्डीपर्यंत कशाला यावयाचे?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त सापडते. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचा होता आणि नायक पांडुरंग सांगवीकर हाही पंचविशीचाच. खानदेशातल्या सांगवीहून तो पुण्यास शिकावयास येतो. वडिलांचा पैसा हाती असतो. तो पुढारीपण करतो, उधळतो, नापास होतो, आणि अखेर हात हलवीत गावी परततो. गटेच्या विल्हेल्मास दाखला मिळाला, याला काहीच मिळाले नाही. म्हणून कित्येकांनी त्या काळी विचारले, आणि अजून विचारतात, की हा मुलगा घडला तो काय?

आमचे उत्तर असे आहे. पांडुरंगाने ज्या हिशेबाविरुद्ध बंड केले तो वडिलांचा हिशेब होता. इतके रुपये घातले, इतके निघाले पाहिजेत, असा. हा हिशेब वरून लादला जातो, तो उमजत नाही. आणि लादलेला हिशेब झुगारणे हे तरुणाचे कामच आहे. परंतु त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेव्हा काय होते पाहा. एरवी प्रत्येक गोष्टीची टर उडविणारा हा मुलगा थट्टा विसरतो. त्याची भाषाच मोडून पडते. आपण पुण्यात वर्षे वाया घालवीत असताना घरात एक लहान जीव होता, त्याला काहीही न मिळता तो संपला, हे कोणी त्याला बजावून सांगितलेले नाही. ते त्याचे त्याला दिसले. पांडुरंग परततो तो रिकाम्या हाताने, हे खरे. पण रिकाम्या डोळ्यांनी नव्हे.

तेव्हा मागितलेले ऋण आणि उमगलेले ऋण यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मागितलेल्या ऋणातून आज्ञाधारकपणा निघतो, नाहीतर बंड. मोठेपण मात्र उमगलेल्या ऋणातूनच येते.

हे उमगणे कित्येकदा लाजेच्या वाटेने येते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ सालचे. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण घडणीची गोष्ट म्हणून त्याला येथे स्थान दिलेच पाहिजे. त्याची मांडणीच पाहण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि ऐकणारा असतो दया पवार. माणूस एकच. एक मागे राहिलेला मुलगा, दुसरा शिकून पांढरपेशा झालेला गृहस्थ. महारवाड्यातले दिवस, मुंबईच्या कावाखान्यात कागद-चिंध्या वेचून घर चालविणाऱ्या बाया, हे सारे शिकलेल्या माणसास झाकून ठेवावेसे वाटते. झाकता येत नाही, आणि झाकू नये हेही कळते. पिपला लोहाराची लाज वाटली, आणि पुढे त्या लाजेचीच लाज वाटली. ‘बलुतं’त हे दुःख कितीतरी खोल आहे, कारण येथे लाज वाटावयास लावणारा समाज आहे, चूक मुलाची नाही. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसानंतर वाढलेल्या पिढीने मराठीत जे लिहिले, त्यात एका माणसाबरोबर एक समाजही वयात येताना दिसतो.

प्रत्येक वाढ अशी रक्त काढूनच झाली पाहिजे असे मात्र नाही. मिलिंद बोकील यांची २००४ सालची ‘शाळा’ हलक्या पावलांनी चालते. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे दोस्त, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीतल्या गप्पा आणि शिरोडकर नावाची मुलगी, एवढाच तो संसार. वर्ष १९७५-७६ चे. बाहेर आणीबाणी आहे आणि वर्गात तास चालू आहेत. मुलगी गाव सोडून जाते, मित्र पांगतात, आणि दहावीचे वर्ष समोर येऊन उभे राहते. गमावले काय? म्हटले तर काहीच नाही. परंतु एवढी वर्षे मुकाट्याने मिळत गेलेली सावली आता सरली, हे मुकुंदास कळते. सावली होती हे कळणे, म्हणजेच ती धरणारा कोणी होता हे कळण्याची सुरुवात.

शेवटी आपल्याच मुलुखात परत येऊ. बुलडाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. नोकरीसाठी मोजावयास पैसे नाहीत, आणि शेती पोटास पुरत नाही. बायको शिकलेली, तिचा जीव या संसारात रमत नाही. आमच्या सूत्राची खरी परीक्षा येथे आहे. एकनाथास कोणी काही समजावून द्यावयास नको. आपल्या शिक्षणाची किंमत कोणत्या शेताने, कोणत्या आईबापाने दिली, हे त्यास पहिल्या पानापासून पाठ आहे. पिपला जे अखेरीस कळले ते याला आरंभीच कळलेले आहे. तरी तो सुखी का नाही?

कारण उमगलेले ऋण फेडावयास जागा लागते. ती जागा मुलगा एकटा निर्माण करू शकत नाही. गटेच्या कादंबरीत दाखला देणारे मंडळ तरी होते. एकनाथाच्या भोवतालच्या समाजाने त्याच्याकडून मोठेपणाची प्रत्येक अट पुरी करून घेतली, आणि वेळ आली तेव्हा दार लावून घेतले. विदर्भाच्या खेड्यांतून असे एकनाथ किती असतील हे आम्ही नागपूरकरांस सांगावयास नको. आपल्या बोलण्यात अशा मुलास चटकन ‘बेकार’ म्हटले जाते. कादंबरी वाचल्यावर तो शब्द जिभेवर येताना थोडा अडखळावा, अशी आमची अपेक्षा आहे. मुलगा मोठा झाला आहे. लहान राहिलो ते आपण.

सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो, एका गोष्टीकडे लक्ष वेधून आम्ही थांबतो. आज ज्या पुस्तकांची नावे घेतली त्यांत श्याम, पांडुरंग, दगडू, मुकुंद, एकनाथ असे मोठे होणारे बहुतेक मुलगे आहेत. आणि किंमत देणाऱ्यांत आई, बहीण, बायको. यमू आणि कौतिक बोलल्या त्या सोसणाऱ्यांच्या बाजूने. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले लिहिले, तेव्हा समाज दचकला, कारण हिशेबाची वही प्रथमच मुलीच्या हाती दिसली. आपल्या घरांतही ती वही एकदा उघडावी. घरातल्या कोणत्या मुलाचे शिक्षण झाले, आणि त्यासाठी कोणत्या मुलीचे थांबले? थोरल्या बहिणीने शाळा सोडली ती कोणत्या साली, आणि त्या साली धाकट्या भावाने कोणता वर्ग गाठला होता? बर्डीवर राहणाऱ्या मुलाच्या खोलीचे भाडे गावाकडच्या कोणत्या दागिन्यातून आले?

ही चौकशी वडीलधाऱ्यांनी वसुलीसाठी करू नये. कादंबरीकार करतो तशी, गोष्ट म्हणून करावी. जेवणानंतर, घाई नसताना, नाव आणि साल घेऊन सांगावे, आणि सांगून गप्प बसावे. मुलांना उपदेशाचा कंटाळा असतो, गोष्टीचा नसतो. आणि मुलांनीही, उद्या निकाल हाती येईल तेव्हा, त्या कागदावर एकच नाव छापलेले असले तरी तो एकट्याचा नाही, एवढे ध्यानात ठेवले तर गुण कमी असोत वा अधिक, त्या घरात एक माणूस मोठा झाला असे खुशाल समजावे.